ओलेटा गुरं निववते

ओलेटा प्रुइट पंचाबरोबर पळून गेली, ही बातमी कोल्टर गावात मंगळवारी सकाळी फुटली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चांगली बाळसेदार झाली. दाणागोट्याच्या दुकानात ती नुसती पळाली होती. टपाल कचेरीपाशी पोचेपर्यंत तिने घोडा विकला होता. दुपारी कॅफेत कुणीतरी शपथेवर सांगितलं, की दोघांनी ॲमरिलोला घर घेतलंय आणि खिडक्यांना पिवळे पडदे लावायचं ठरलंय.

पंच म्हणजे कॉय लॅसिटर. बहात्तर वर्षांचा विधुर. कटिंगच्या, म्हणजे घोड्यावरून गुरं वेगळी काढायच्या, स्पर्धेत उंच खुर्चीवर बसून गुण देतो आणि गुण देताना असा चेहरा करतो, जसं काही गुण त्याच्या खिशातून जातायत. आणि ओलेटा सत्तरीची. तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायची परवानगी फक्त तिच्या कुत्र्याला. अशी दोन माणसं पिवळ्या पडद्यांच्या घरात काय करणार होती, हा विचार कुणी केला नाही. बातमी चांगली असली की कोण विचार करतं?

खरी गोष्ट एवढीच, की ओलेटाचा पिकअप सुरू होत नव्हता. तिला ॲमरिलोच्या हाडांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि कॉयला कवळी बसवून घ्यायला तिकडेच जायचं होतं. गाडी त्याची, पण चालवली तिने, कारण त्याचं चालवणं तिला बघवत नाही. तो जाताना झोपला आणि येताना कवळीमुळे बोलू शकला नाही. पळून जाण्याचा कार्यक्रम तो एवढाच.

बातमी सोडली होती डब हार्जिसने. डब म्हणजे ओलेटाचा कुंपणापलीकडचा शेजारी, आमच्या तांबड्या नदीकाठच्या कटिंग क्लबचा अध्यक्ष, आणि पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात एकही गोष्ट पोटात न ठेवलेला गृहस्थ. त्याची बाजूही ऐकायला हवी. त्याने ओलेटाला कॉयच्या गाडीत चढताना पाहिलं होतं आणि तिच्या हातात पर्स होती. नवरा हार्लन गेला त्या दिवसानंतर ओलेटाच्या हातात पर्स कुणी पाहिली नव्हती. मग माणसाने काय समजायचं?

संध्याकाळी तो कुंपणाशी गेला. ओलेटा डीकनला, म्हणजे तिच्या म्हाताऱ्या घोड्याला, खरारा करत होती.

"लग्न झालं की नुसताच साखरपुडा?" डबने विचारलं.

"तुझं तोंड शिवायला डॉक्टर मिळतो का ते विचारायला गेले होते," ओलेटा मागे न बघता म्हणाली. "म्हणाला, केस हाताबाहेर गेलीय."

"आणि तुझी केस?"

तिने खरारा थांबवला. "खुबा संपला. नवा बसवायचा. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरची तारीख दिलीय. आणि म्हणाला, त्यानंतर घोडा विसरा. मी विचारलं, तुम्ही बसता का घोड्यावर? म्हणाला, नाही. म्हटलं, मग तुम्हाला विसरायला सोपंच आहे."

डब मोठ्याने हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

ओलेटाने घोडा विसरायचा म्हणजे काय, हे समजायला ती आमच्या क्लबात काय करते ते माहीत हवं. कटिंग म्हणजे कळपातलं एक जनावर वेगळं काढायचं, आणि ते परत कळपाकडे पळायला लागलं की घोड्याने आपण होऊन त्याची वाट अडवायची. त्याला लागतात गुरं, आणि ती नवी लागतात. तीच तीच गुरं दोनदा खेळवली की त्यांना खेळ कळतो आणि ती जागची हलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गटाला नवा कळप येतो. ट्रेलरमधून उतरलेला, शेपट्या वर, डोळे पांढरे, रिंगणभर उधळणारा. अशा कळपात स्पर्धक शिरला तर सगळा कळप एका अंगाला पळतो आणि त्याचं वाटोळं होतं. म्हणून आधी कुणीतरी जाऊन गुरं निववावी लागतात. घोड्यावर बसून, चालीने, कळपातून आरपार जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. घोडा आणि माणूस हे प्रकरण अंगावर येत नाही असं गुरांना पटेपर्यंत. गुण नाहीत, टाळ्या नाहीत. बघणारे तेवढ्यात कॉफी आणायला जातात.

ओलेटा हे तीस वर्षं करत आली होती. सुरुवातीला हार्लन स्पर्धेत उतरायचा आणि कुणीतरी गुरं निववायला हवीत म्हणून ती आत जायची. हार्लन गेला, तरी कुणीतरी गुरं निववायला हवीतच होती. "तू का नाही उतरत एकदा?" असं कुणी विचारलं की ती तेच वाक्य फेकायची, "मग गुरं कोण निववणार?" आणि पलीकडे निघून जायची. क्लबाने मध्यंतरी मान म्हणून तिला कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल दिलं. ते तिने कुत्र्याच्या पट्ट्याला लावलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोटावर ते कोण बघणार? कुत्रा सगळ्यांच्या पायात असतो."

गुरं निववताना ती त्यांच्याशी बोलते. काही जण गुणगुणतात, काही शीळ घालतात. ओलेटा गावातल्या भानगडी सांगते. हळू, सपाट आवाजात, बाई शेजारणीला वाटाणे सोलता सोलता सांगते तशी. एकदा डब मुद्दाम कुंपणाच्या फळीआड दबून बसला होता. डीकन जवळून गेला तेव्हा त्याने ऐकलं, "...आणि बायकोला सांगितलंन की ट्रेलर जुना घेतलाय. जुना कसला गं, नवा कोरा. ती बिचारी अजून..." समोरची लाल कालवड कान पाडून शांतपणे ऐकत होती. डब चार पायांवर रांगत मागे गेला. त्यानंतर त्याने कधी फळीआड बसायचं धाडस केलं नाही.

तर त्या संध्याकाळी कुंपणाशी डबने विचारलं, "मग ऑक्टोबरचा शो शेवटचा?"

"शेवटचा."

"आणि तू काय करणार?"

"नेहमी करते ते." ती डीकनच्या मानेवरचे केस सारखे करू लागली. मग म्हणाली, "डब, मी गुरं निववून बाहेर येते आणि फाटकाशी उभी राहते. तुम्ही आत जाता. एक जनावर वेगळं काढता. आणि मग तुमचा लगामाचा हात घोड्याच्या मानेवर खाली येतो. त्यानंतर सगळं घोड्याच्या हाती. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं. प्रत्येकाच्या. तुझ्यासारख्याच्या थोबाडावरसुद्धा. ते काय असतं ते एकदा बघायचं होतं मला. राहून गेलं." आणि लगेच, "जा घरी. माझे बीन्स करपतायत."

डब घरी गेला आणि पाई न खाता उठला. त्याच्या बायकोने, जेरी फेने, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग काय झालंय?"

त्याने सांगितलं.

"आणि तू इथे बसून मला सांगतोयस?" जेरी फे म्हणाली. "एरवी गावभर वाजत असतोस. तुझं तोंड मग आहे कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डब कॅफेत गेला, कॉफी मागवली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ओलेटा ऑक्टोबरच्या शोमध्ये उतरतेय. पण कुणाला सांगू नका."

दुपारपर्यंत चर्चच्या बायकांनी तिचं अभिनंदन केलं होतं. टपालवाल्या बाईने रस्त्यात गाडी थांबवून तिला मिठी मारली. आणि उन्हं उतरताना नाचो अरेदोन्दो हा घोडे शिकवणारा माणूस तिच्या अंगणात ट्रेलर घेऊन उभा राहिला. ट्रेलरमध्ये चिकरी होती. त्याची सगळ्यात भरवशाची घोडी, जी तो स्वतःच्या भावालाही देत नाही.

ओलेटा हातातला लाकडी चमचा तसाच घेऊन कुंपणाशी आली.

"डब हार्जिस! काय केलंस तू?"

"मी? मी तर सगळ्यांना बजावलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून."

"नाचो, घोडी परत ने."

नाचोने टोपी काढून छातीशी धरली. "मिस ओलेटा," तो म्हणाला, कारण वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे आदराने मिस म्हणतात, "आता परत नेली तर तिला वाईट वाटेल."

"तिला की तुला?"

"मी नवा होतो इथे, तेव्हा माझ्या गटाची गुरं फार वाईट निघाली होती," नाचो म्हणाला. "सगळे म्हणाले, जा आता, वेळ होतोय. तुम्ही फाटकाबाहेर आला होतात. पुन्हा आत गेलात आणि पुन्हा सगळं केलंत. माझ्यासाठी. तुम्हाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं."

ओलेटाला ते आठवत नव्हतं. असं तिने किती जणांसाठी केलं असेल. ती चिकरीभोवती एक चक्कर मारून आली, पाय उचलून बघितले, पोटाला थाप मारली.

"घोडी लठ्ठ आहे," ती म्हणाली.

कोल्टरमध्ये याला होकार म्हणतात.

मग सराव सुरू झाला आणि डबची करमणूक. खुब्यामुळे ओलेटाला जमिनीवरून चढता येत नसे. ती पिकअपच्या मागच्या फळीवर उभी राहायची आणि नाचो घोडी बाजूला आणून लावायचा. बसल्यावर मात्र ती विशीतल्या पोरीसारखी ताठ. एक कालवड वेगळी काढणंही तिला छान जमे. कळपात कसं शिरायचं हे तिला कोण शिकवणार? गाडं अडायचं ते पुढे. हात खाली जायचा नाही. घोडी खाली वाकून कालवडीसमोर झेपावायला निघाली, की ओलेटाचा हात आपोआप उचलला जायचा, लगाम ओढला जायचा आणि चिकरी गोंधळून उभी राहायची. हात उचलला की गुण जातात. पण गुणांचं दुःख नव्हतं कुणाला. हात उचलला की ती गोष्टच होत नाही, जिच्यासाठी एवढा खटाटोप.

"मिस ओलेटा, तिला येतं ते," नाचो म्हणायचा. "तुम्ही आयाळ धरा आणि नुसत्या बसा."

"नुसती बसू? आयुष्यात कधी नुसती बसलेय मी?"

"चर्चमध्ये बसतेस की," डब कुंपणावरून ओरडायचा.

"तिथेही तुझं गाणं ऐकावं लागतं!"

शोच्या आदल्या दिवसापर्यंत हात एकदाही खाली राहिला नव्हता. डब कुंपणाशी उभा राहून हिशेब करू लागला. आपण म्हातारीला गावासमोर उभं केलं आणि ती तिथे लगाम ओढून परत आली, तर पुढची सगळी वर्षं ती त्या कुंपणापलीकडे बसून काय आठवत राहील? पूर्वी निदान राहून गेलं असं म्हणता येत होतं.

शोच्या दिवशी सकाळी आणखी एक तमाशा झाला. कटिंगमध्ये स्पर्धकाला मदतीला चार घोडेस्वार लागतात. दोघं कळप धरून ठेवतात, दोघं समोर उभे राहून पळणारं जनावर परत फिरवतात. आणि हे चौघं बहुतेक त्याच्याच विरुद्ध उतरणारे असतात. ज्याला हरवायचं त्याच्यासाठीच आधी राबायचं, अशी आमची रीत. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही. पण विचारावं लागतं. आणि ओलेटाने कुणालाच विचारलं नव्हतं. लोकांना आपण होऊन द्यायचं तिला ठाऊक होतं. मागायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

ती चिकरीवर बसून फाटकाशी आली तेव्हा तिथे डझनभर माणसं खोगीर चढवून तयार होती. प्रत्येकाची समजूत, की आपल्याला वेगळं कशाला विचारायला हवं.

"मी कळप धरतो," एक म्हणाला.

"तू? तुझा घोडा स्वतःलाच धरू शकत नाही!"

"माझ्या बापासाठी तिने गुरं निववलीत!"

"मग बापाला आण की!"

"भांडा," ओलेटा म्हणाली, "पण गुरांपासून लांब भांडा. आत्ताच निववून आलेय मी." कारण सकाळी डीकनवर बसून त्या गटाची गुरं तिनेच निववली होती. दुसऱ्या कुणी करतो म्हटलं, तेव्हा तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं होतं आणि तो कॉफी आणायला गेला होता.

आता तिची मान खाली गेली होती आणि कान लाल झाले होते. घसा साफ करून, कुणाकडे न बघता, ती म्हणाली, "जेरी फे, तू आणि तुझी बहीण कळप धराल का? नाचो, समोर उभा राहशील?" आणि मग, "डब. तूही."

डबला भरून आलं. पण तो डब. "मी का?"

"तू समोर असलास की जनावरं आपोआप मागे फिरतात."

अडीच मिनिटं मिळतात. ओलेटाने रिंगणातली सुरुवातीची रेघ ओलांडली आणि घड्याळ सुरू झालं. ती कळपात शिरली, खोलवर, एकदम सुरेख. कुंपणावर बसलेली माणसं खाली उतरून उभी राहिली. डब समोरून बघत होता. आता ती एक हेरेल. आता घोडी वळवेल.

ओलेटा कळपाच्या दुसऱ्या टोकाला गेली. वळली. पुन्हा आत आली. तिचे खांदे सैल पडले. चिकरीची चाल मंदावली. आणि डबला दिसलं, की ओलेटाचे ओठ हलतायत.

"अरे देवा," तो नाचोला म्हणाला. "ती निववतेय."

तीस वर्षांची सवय. समोर कळप दिसला आणि खालचा घोडा चालायला लागला, की अंग आपलं काम करायला लागतं. ओलेटा गुरांना काहीतरी सांगत होती आणि गुरं ऐकत होती. आधीच निवलेली गुरं. एकीने डोळे मिटले. एक कोपऱ्यातली रवंथ करू लागली.

"ओलेटा!" डब ओरडला. "झाली निववून! बाहेर काढ एक!"

तिने न बघता बोट ओठांवर ठेवलं. निववताना कुणी गोंगाट केला की ती नेहमी असंच गप्प करायची. कुंपणावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणी हसलं नाही. जेरी फे कळपाच्या कडेला घोड्यावर बसून रडतेय की हसतेय, ते तिच्या नवऱ्यालाही कळेना.

"मिस ओलेटा!" नाचोने दोन्ही हातांचा कर्णा केला. "आज तुम्ही उतरलाय! तुम्ही!"

ओलेटा थांबली. तिने खाली चिकरीच्या मानेकडे बघितलं आणि ती मान डीकनची नाही, हे तिला तेव्हा दिसलं. तिचा चेहरा असा झाला, की डबला वाटलं धावत जावं आणि तिला उचलून बाहेर आणावं. अर्ध्याहून जास्त वेळ गेला होता.

पण ती बाहेर आली नाही. तिने घोडी पुढे घातली. गुरं पेंगत दोन्ही बाजूंनी मागे सरकली आणि पांढऱ्या तोंडाची एक तपकिरी कालवड तेवढी समोर उरली. तिने ओलेटाकडे बघितलं. गोष्ट मध्येच का थांबली, असं काहीसं बघितलं.

"हात!" नाचो ओरडला.

हात वर होता. डबच्या तोंडात एरवी दहा वाक्यं तयार असतात. त्या वेळी एकच शब्द आला, आणि तोही ओरडून नाही.

"सोड," तो म्हणाला.

हात खाली गेला. आयाळीत रुतला आणि तिथेच राहिला.

कालवड जागी झाली. ती डावीकडे सुटली आणि चिकरी तिच्यासमोर. उजवीकडे वळली, चिकरी तिथेही. घोडीचं पोट जवळजवळ मातीला टेकलेलं, कान पुढे, मांजरीसारखी वाट अडवत. आणि वर ओलेटा, टोपी उडालेली, पांढरी वेणी पाठीवर आपटत, कुठेही काहीही न ओढता. कालवड एकदम डबच्या अंगावर आली. तिला परत फिरवायचं त्याचं काम. तो ते साफ विसरला. तो ओलेटाच्या चेहऱ्याकडे बघत होता. नाचोने स्पॅनिशमध्ये त्याच्या पूर्वजांची आठवण काढली आणि स्वतःच कालवड फिरवली.

भोंगा वाजला.

कॉयने खुर्चीवरून गुण सांगितले, पासष्ट. शेवटी त्या गटात तेच सगळ्यात कमी ठरले. पण सांगताना त्याचा आवाज नीट फुटला नाही. कवळी नवी होती, असं तो अजून म्हणतो.

ओलेटा रिंगणाच्या मधोमध तशीच बसून राहिली. हात अजून आयाळीतच. डब घोडा चालवत तिच्यापाशी गेला. नाचो आला, जेरी फे आली, तिची बहीण आली. पुढच्या स्पर्धकाची वेळ झाली होती, पण तोही फाटकाशी टोपी काढून उभा होता. डबने येताना एक झकास टोमणा जुळवला होता. तो वाटेत कुठेतरी पडला.

"ओलेटा," तो म्हणाला, "संपलं. आता हात उचललास तरी चालेल."

तिने उचलला नाही.

"खुबा दुखतोय?"

तिने नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"मग सांग ना," डब हळूच म्हणाला. "कसं असतं ते?"

ओलेटाने वर बघितलं. आधी त्याच्याकडे, मग नाचोकडे, मग कुंपणावरच्या सगळ्या गावाकडे.

"इतकी वर्षं तुम्ही सगळे हे करत होतात," ती म्हणाली, "आणि मला एकानेही सांगितलं नाही?"